आतली खोली रिकामी झाली

सोलापूर,
१२ जानेवारी १९७४

चि. सौ. दाक्षायणीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई भाकरी थापताना शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणायची, आठवतं? प्रत्येक चरणावर एक थाप. वृत्त चुकायचं, ठेका कधी नाही. आज पहाटे अंथरुणात तो आवाज कानाशी आला आणि उठून पत्र लिहायला बसलो.

इकडे ठीक. आपल्या ब्लॉकात हल्ली आम्ही तिघं. आतल्या खोलीत सोमलिंग आणि त्याची बायको नागम्मा, हे भाडेकरू. बाहेरच्या खोलीत मी. स्वयंपाकघर सगळ्यांचं. सोमलिंग रोज होटगीला रेल्वेच्या कामावर जातो. नागम्मा मला वाढते आणि माझ्या कविता ऐकून घेते. “आवाज बरा हाय मास्तर, पण कालवण गार व्हायलंय की!” असं म्हणते.

तुझ्या पहिल्या बाळंतपणाला इकडे येऊ नकोस, जागा नाही, असं तुला कळवलंय, हे परवा बोलता बोलता तिला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

“लेकीला नको म्हणून लिवलं? आमच्या नावावर? अय्यो, लई शिकलेले की तुमी!”

संध्याकाळपर्यंत त्यांचं बिऱ्हाड माझ्या बाहेरच्या खोलीत आलं. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. अलीकडे मी, पलीकडे ते दोघं.

आतली खोली रिकामी आहे. पण कारण जागेचं नव्हतंच, दाक्षा.

तू पाच वर्षांची होतीस. त्याच खोलीत तुझी आई दुसऱ्यांदा बाळंत होत होती. मी बाहेर मुलांच्या वह्या तपासत होतो. तिनं मला दोनदा हाक मारली. बायकांच्यात कसं जायचं, म्हणून उठलो नाही. सुईण बाहेर येऊन टांगा आणा म्हणाली, तेव्हा उशीर झाला होता. आईही गेली, बाळही. देवाची इच्छा, असं लोकांना सांगितलं. तुलाही तेच सांगत आलो. खोली भाड्यानं दिली ती एवढ्यासाठीच. तिथं कुणी वावरत असलं की मला तिकडे बघावं लागत नाही.

या वेळी दवाखान्यात तुझं नाव घालून आलोय. टांगेवाल्याला घर दाखवून ठेवलंय. रागावली असशील, तरी ये. सासूबाईंना मीच लिहि—

दार वाजलं. तुझ्या सासूबाई! हातात तुझी ट्रंक. पत्रच लिहीत होतो म्हटलं, तर म्हणतात, “तुमच्या पत्राची वाट कोण बघतंय? पोरगी खाली टांग्यात बसलीया. जिना चढवंना तिला. उतरा की, इवाई!”

उतरतोय ग.

तुझा
आप्पा