आईबाबांच्या घटस्फोटाला माझी हरकत

३ मार्च, सोमवार
आज सकाळी चहाच्या टेबलावर बाबांनी जाहीर केलं की ते आणि आई घटस्फोट घेताहेत. लगेच म्हणाले, जरा मीठ दे. मी दिलं. त्यांनी ते उकडलेल्या अंड्यावर घातलं आणि खाल्लं. बेचाळीस वर्षांचा संसार!

विचारलं, का? आई म्हणाली, पटत नाही. बाबा म्हणाले, हो ना, अजिबात पटत नाही. या दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

घर विकायचं. आईने ताईच्या घराजवळ छोटी जागा बघितलीय. बाबा आपलं बघतील. आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत तू तुझं बघ, असं मला म्हणाले. मला! ज्याने या दोघांना एकटं सोडवत नाही म्हणून आजवर स्वतःचं बिऱ्हाड केलं नाही, त्याला! केसाने गळा कापला.

संकल्प: हे घर मोडू द्यायचं नाही. घराचा खांब मी आहे.

ता. क. आज शर्टाला इस्त्री नव्हती. आईच्या मनावर परिणाम झालाय.

४ मार्च, मंगळवार
ताईला फोन केला. बातमी सांगितली तर ती हसत सुटली. धक्का बसला की माणसं हसतात, ऐकून होतो. मग विचारते, तू कुठे राहणार? म्हटलं, अगं, प्रश्न आईबाबांचा आहे. ती म्हणाली, मीही तेच म्हणतेय. तिच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा.

ऑफिसात लक्ष लागेना. दिवसभर फोनवर लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, आणि आपली तक्रार ऐकणारं कुणी नाही. एक बाई म्हणाल्या, मशीन फार हलतंय. म्हटलं, बाई, माझं सगळंच हलतंय. त्यांनी वरच्या साहेबांचा नंबर मागितला.

६ मार्च, गुरुवार
रजा. फॅमिली कोर्ट. प्लॅन पक्का: त्यांचा अर्ज शोधायचा, कारणं वाचायची, एकेक खोडून काढायचं. घटस्फोटाचं रेकॉर्ड कुणालाही बघता येतं, असं नेटवर वाचलं. (तिथे एक साइट होती. ‘कुणाचाही घटस्फोट पाच मिनिटांत शोधा.’ खात्री करायला स्वतःचं नाव टाकलं. माझं लग्नच झालेलं नाही, तरी तीन घटस्फोट निघाले. साइट बंद केली.)

रेकॉर्ड रूम तळघरात. तिथल्या बाईंनी विचारलं, केस तुमची? म्हटलं, नाही. मग नातं काय? म्हटलं, पीडित. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. साध्या कागदावर अर्ज द्या, केसेसची यादी आणि निकाल बघायला मिळतील, आतले कागद मात्र फक्त नवराबायकोला, सोमवारी या, एवढं सांगून डबा उघडला. मी अर्जात उद्देश लिहिला: गृहरक्षण.

१० मार्च, सोमवार
यादी बघितली. आईबाबांचं नाव नाही. बाईंनी कॉम्प्युटरवरही बघितलं. नाही. आडनाव आधी, आडनाव नंतर, सगळं करून झालं. नाही म्हणजे नाही. बाई म्हणाल्या, अहो, फाइलच केलेली नाही त्यांनी. म्हटलं, तुमच्याकडून गहाळ झाली असेल. बाई दुखावल्या.

बाहेर येऊन शांतपणे विचार केला. फाइल केलेली नाही याचा अर्थ उघड आहे. मन डळमळतंय दोघांचं. आणि ते कुणामुळे डळमळतंय, हे मी सांगायला नको.

दुपारभर जुने निकाल वाचत बसलो. कुणाचा नवरा घरात सतत शिट्टी वाजवतो. कुणाची बायको तीन वर्षं फक्त कुत्र्यामार्फत बोलते. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. जिथे मूल आहे तिथे आई म्हणते मला हवं, बाप म्हणतो मला हवं. पानंच्या पानं भांडलेत. वाचता वाचता डोळे भरून आले. बाईंनी पाणी दिलं आणि वेळ संपली म्हणाल्या.

११ मार्च, मंगळवार
वेळ आलीच तर कुणाकडे राहायचं? भावनेच्या आहारी न जाता विचार केला.
आई: जेवण, इस्त्री, सकाळी उठवणं. पण प्रश्न फार विचारते.
बाबा: प्रश्न विचारत नाहीत. पण बाथरूममध्ये गेले की पेपर संपेपर्यंत बाहेर येत नाहीत.
निर्णय: एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. कुणावर अन्याय नको. जास्तीचा टूथब्रश आणून ठेवला.

अजून दोघांपैकी कुणी विषय काढलेला नाही. लाजत असतील.

१३ मार्च, गुरुवार
पुन्हा रजा. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून हरकतीचा अर्ज टाइप करून घेतला. उद्या त्यांनी फाइल केलंच तर आपण आधीच हजर. टायपिस्टने विचारलं, मुलाचं वय? सांगितलं. त्याचे हात थांबले. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. म्हणाला, नुसतं ‘सज्ञान’ लिहू, बरं दिसेल.

खिडकीवरच्या माणसाने अर्ज दोनदा वाचला आणि शेजारच्या खिडकीला वाचायला दिला. मग म्हणाला, साहेब, नवराबायकोच्या भांडणात मुलगा पक्षकार होत नाही, आणि इथे तर भांडणही दाखल नाही. मी आवाज चढवला. वॉचमन आला. चांगला माणूस, पार गेटपर्यंत सोडायला आला.

१६ मार्च, रविवार
घरातलं वातावरण असह्य. स्वयंपाकघरातून दोघांचा हसण्याचा आवाज आला म्हणून गेलो तर एकदम गप्प. मग बाबा आईला म्हणाले, तुझं नेहमीचंच आहे. आईने पातेलं आपटलं. मला त्रास नको म्हणून दार लावून हळू आवाजात भांडतात. काल तर तासभर चाललं होतं.

दुपारी बघतो तर दोघं टेप घेऊन त्यांचा डबल बेड मोजताहेत. बाबा आकडा सांगताहेत, आई लिहून घेतेय. वाटणी इतक्या थराला गेली! आता काय करवतीने कापणार? बघवेना. बाहेर पडलो, सिनेमा बघून आलो.

२० मार्च, गुरुवार
धोरणात बदल. काळाबरोबर चालावं माणसाने. दोन घरं म्हणजे दोन फ्रिज. शिवाय दोघांना माझी गरज दुप्पट लागणार. तेव्हा विरोध मागे. उलट आपणच पुढाकार घ्यायचा. या दोघांना यातलं काही कळत नाही, म्हणून तर यादीत नाव नाही. कुणीतरी धड फाइल करून द्यायला हवं.

संमतीने घटस्फोटाचा अर्ज आणला. बसून भरला. कारणाच्या रकान्यात जागा पुरेना, मागची बाजू वापरली. ‘परस्परांविषयी आदर असूनही’ हे वाक्य लिहिताना स्वतःच हललो.

२२ मार्च, शनिवार
सह्या मागितल्या. बाबा म्हणाले, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता. आई म्हणाली, हात ओले आहेत. थांबलो. हात पुसले आणि पुन्हा भांडी घासायला घेतली. धुतलेलीच.

बाबांना जरा झापलं. म्हटलं, घटस्फोट हा पोरखेळ नाही, निर्णय घेतलाय तर निभवा. ते मान खाली घालून ऐकत होते. खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस, रडवलं मी. वाईट वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार
भावोजींनी माझ्यासाठी खोली शोधली. डिपॉझिटही भरून टाकलं. घटस्फोटाचा अर्ज आठ दिवस टेबलावर पडून आहे, त्याला कुणी हात लावत नाही, आणि माझ्या खोलीसाठी मात्र सगळं खानदान कामाला लागलंय. ताईने पडदे शिवले. बाबांनी बॅटरी आणि खिळे दिले. संकटात माणसांना छोट्या कामांचा आधार वाटतो. मी हरकत घेतली नाही. तात्पुरतं आहे.

५ एप्रिल, शनिवार
खोली ठीक. कपडे संपले. घरमालकीणबाईंचं वॉशिंग मशीन पॅसेजमध्ये आहे, आमच्याच कंपनीचं. सगळं एकदम टाकलं. निळ्या टॉवेलने दगा दिला. आता सगळे शर्ट निळसर. मशीनचं दार उघडेना म्हणून नाइलाजाने आमच्याच हेल्पलाइनला फोन केला, आवाज बदलून. ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्याने उचलला. म्हणाला, सर, तुम्हीच ना?

१२ एप्रिल, शनिवार
घर रिकामं झालं. मी सामान हलवायला गेलो होतो, म्हणजे देखरेखीला. एकच ट्रक. म्हटलं, दोन घरांना एक ट्रक? बाबा म्हणाले, आधी तिचं टाकू, मग माझं. बेडही अख्खाच चढवला. बरोबर आहे, कापायचा तर तिकडे जाऊन कापतील.

आईने निघताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि पटकन ट्रकमध्ये बसली. बाबाही त्याच ट्रकमध्ये. पत्ता विचारला तर बाबा म्हणाले, माझं अजून ठरायचंय. आईचा पत्ता ताईकडून काढावा लागला. तीही आधी देईना.

२० एप्रिल, रविवार
हे लिहायला बसलोय पण हात चालत नाही.

सकाळी अर्ज घेऊन आईकडे गेलो. ठरवलं होतं, आज तिची सही, उद्या बाबांची. बेल वाजवली. दार बाबांनी उघडलं. अंगात बनियन, हातात अर्धा सोललेला बटाटा.

मला वाटलं, जिंकलो! माझ्या प्रयत्नांना यश आलं, पुन्हा एकत्र आले! मिठी मारली. बटाटा मध्ये होता. बाबा नुसते पाठीवर थोपटत राहिले, आणि त्या थोपटण्यातच काहीतरी चुकलं.

आत गेलो. एक खोली. बेड बरोबर बसलाय, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खिडकीशी दोन खुर्च्या. मी उभा राहिलो. आई उठली आणि तिची खुर्ची मला दिली.

मग तिने सांगितलं. कोर्टाची पायरीसुद्धा चढलो नाही आम्ही. तुला तिशीत सांगितलं, पस्तिशीत सांगितलं, आता तुझं तू बघ म्हणून. दर वेळी तू म्हणालास, तुम्हाला सोडून कसा जाऊ. बाबा म्हणाले, म्हणून म्हटलं आपणच जावं. पण दोघं मिळून गेलो असतो तर तू मागोमाग आला असतास.

ताईला माहीत होतं. भावोजींना माहीत होतं. पडदे शिवतानाही माहीत होतं. रेकॉर्ड रूमच्या बाईंनी तर मला तोंडावर सांगितलं होतं. घरचेच भेदी, आणि घर माझंच. आईबापांनी फसवलं तर दाद कुठे मागायची? त्याची खिडकी कुठल्या कोर्टात आहे?

मी म्हटलं, सरळ सांगायचं ना, की तू आता नकोस. आई म्हणाली, ते तोंडातून निघेना रे. आणि रडायला लागली.

बेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याशी पटत नाही, हे तिच्या तोंडातून निघालं. ‘तू नकोस’ तेवढं निघालं नाही. परतताना बसमध्ये हाच विचार करत होतो. तिच्यावर रागवायचं ठरवलं होतं, ते धड जमेना.

त्याआधी तिने जेवायला वाढलं. मी दोन्ही खुर्च्यांमधल्या स्टुलावर बसून जेवलो. राहा म्हणाली नाही. निघताना म्हणाली, येत जा, पण फोन करून ये.

२१ एप्रिल, सोमवार
संकल्प: महिनाभर त्यांच्याशी बोलायचं नाही. कळू दे.

२२ एप्रिल, मंगळवार
महिना जरा जास्त होतो. त्यांचं वय झालंय. रविवारपर्यंत पुरे.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी फोन केला. इस्त्री केलेला शर्ट घालून केला. इस्त्री मीच केली, एकच बाही जमली.

बाबांनी उचलला. म्हणाले, अरे, आज नको, आम्ही दोघं बाहेर निघालोय. पुढच्या रविवारी बघू. म्हटलं, काही हरकत नाही, मीही बिझीच आहे. ते म्हणाले, छान, छान. आणि फोन ठेवायचा राहिला त्यांच्याकडून.

पलीकडून आई हसताना ऐकू आली. बाबा तिला काहीतरी सांगत होते. मला वाटलं, मलाच हसताहेत. कान देऊन बराच वेळ ऐकलं.

माझा विषयच नव्हता.