साहेबांचं खमीर

सेलू, ता. १४ फेब्रुवारी १९५७

चि. हाना हिस,

पाटीवर तुझा पहिला 'ग' गिरवून घेणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. काकूचे गुडघे तेवढे कुरकुरतात. जिनिंगचा भोंगा अजून तसाच वाजतो. तू दुसरीत सुरात म्हणायचीस ती मोराची कविता परवा ओसरीवर एकट्यानेच म्हटली. शेवटचं कडवं आठवेना.

तुझं पत्र दिवाळीत पोचलं. "बाबा लिहून गेलेत, माझ्या शोधाच्या वह्या जाळ, सगळं खोटं निघालं. मास्तर, खरंच खोटं होतं का? संक्रांतीपर्यंत तुमची वाट बघते, मग त्यांची इच्छा पुरी करते." उत्तराला उशीर झाला. थंडी, डोळे.

लेडरर साहेब तुला कडेवर घेऊन इथल्या स्टेशनावर उतरले, तो दिवस अजून दिसतो. देश सुटलेला, तुझी आई तिकडेच गेलेली, आणि कोटाच्या खिशात खमिराची बाटली. त्या खमिराला त्यांनी चार उन्हाळे आपलं ऊन सोसायला शिकवलं. मोडाच्या ज्वारीची बियर, वैशाखातही न नासणारी! मी चाखली आहे.

मग लढाई लागली. जर्मन बोलतात म्हणून त्यांना छावणीत नेलं, तुला बोर्डिंगात. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "मास्टर, हर चौथे दिन एक चमचा ज्वारीचं पाणी. बच्चा समझो."

एक उन्हाळा पाजलं मी. पुढं शाळा तपासायला अंमलदार यायचे होते. शाई कालवायला तशी रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची बाटली गावात दुसरी नव्हती. तळाचा चिखल मोरीत ओतला. काकू म्हणाली, "आवो, साहेबाचं हाय ना ते?" मी म्हटलं, "छावणीतून कोण परत येतंय?"

शेहेचाळीस साली ते आले. नुसती हाडं. दारातच विचारलं, "जिंदा है?"

"जिंदा है, साहेब."

साहेब सुटून येतायत ही तार मिळाली त्याच दिवशी मी बाटली धुऊन बन्सीधरच्या शिंदीखान्यातला गाळ तिच्यात भरून ठेवला होता.

नऊ उन्हाळे ते त्या गाळावर राबले. निजाम गेला, फौज आली, साहेबांचं मात्र दरसाल नासायचंच. बाजारात दत्तराव ओरडायचा, "काय साहेब, यंदा बी बैलालाच पाजायची का? आता बैल बी तोंड फिरवायलाय!" सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. दोन ओळीही रचून दिल्या:

सात समुद्र ओलांडुन आला,
ज्वारी नासवुन साहेब झाला.

चाल चांगली बसली होती. साहेबांनीही ऐकली. "अच्छी है, मास्टर. किसने लिखी?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

शेवटच्या दुखण्यात म्हणाले, "खमीर झूठ नहीं बोलता. मेरा ही हाथ झूठा है." वह्या जाळायची चिठ्ठी त्यांनी तेव्हाच लिहिली. शेजारी बसून टाक बुडवून मीच देत होतो.

वह्यांतलं अक्षर न अक्षर खरं होतं, हाना. एवढं एका कार्डावर दिवाळीतच लिहिता आलं असतं. पण वह्या राहिल्या असत्या, तर कुणीतरी चांगल्या खमिरावर तपासल्या असत्या. साहेब खरे निघाले असते. मग लोकांनी विचारलं असतं, मधे काय झालं? शाळेत माझी तसबीर लागली आहे. म्हणून संक्रांत जाऊ दिली. वर महिना थांबलो. आता राखही गार झाली असेल.

जाताना साहेबांनी ती बाटली मलाच दिली, "तुमने संभाली थी" म्हणून. शाई तिच्यात अजून छान राहते. हे पत्र तिच्यातलंच.

कवितेचं शेवटचं कडवं तुला आठवत असेल तर कळव.

तुझा,
मुंजाजी मास्तर