अंगठाच त आहे

बाबा,

काल तुमची शोकसभा झाली. तुमचे जुने विद्यार्थी भद्रावतीच्या कॉलेजात जमले होते. नरवानरांचा धडा शिकवावा तर सरांनीच, असं सगळे म्हणत होते. मी पहिल्या रांगेत बसले. रडले नाही. घरी येऊन हे लिहिते आहे.

शिकवायचात छानच! पोरांना घरामागच्या चिंचेखाली न्यायचात. वर वांदरं.

"पाहा, दोन्ही डोळे समोर. म्हणून फांदीचं अंतर समजते. नखं चपटी, वाघासारखी नाईत. एका वेळी एकच पिल्लू, अन् त्याले आई किती दिवस सांभाळते!" मग स्वतःचा हात वर करायचात. "वांदराचा अंगठा आखूड. आपला पाहा, चारही बोटांले टेकते. हा गेला त माणूस अर्धा."

ताई सासरहून, मुलचेऱ्याहून आली तेव्हाही हाच धडा चालला होता. आठवतं? नवऱ्यानं तिचा उजवा अंगठा दारात चेचला होता. पदराखाली हात लपवून ती चिंचेशी उभी राहिली. पोरांसमोर तुम्ही ओळखही दाखवली नाहीत.

घरात आल्यावर म्हणालात, "अंगठाच त आहे. जुळते."

"बाबा, मले तिथं नोका धाडू. तो मारून टाकन मले."

"लोक काय म्हणतीन? संध्याकाळची बस आहे."

दवाखान्यातही नेलं नाहीत! तिला बसमध्ये बसवलंत, परत आलात आणि पेपर तपासायला घेतलेत.

अंगठा जुळला नाही, बाबा. वाकडाच राहिला. धानाच्या रोवणीला चिखलात रोप खोचता येईना, म्हणून ताईनं सासरी आणखी मार खाल्ला. एकदा तरी तिला पाहायला गेलात?

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तिला फोन केला. तिनं हळूच विचारलं, "आता येऊ का घरी?"

मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. ती तुमच्याच पलंगावर झोपते. भांडं पडलं तरी दचकते.

तेरवी केली नाही. शेजारपाजारचे नावं ठेवतात. ठेवू देत!

तुमच्या तिथीला कावळ्यासाठी घास ठेवणार नाही. त्या दिवशी ताईच्या आवडीचे झिंगे आणीन, झणझणीत रस्सा करीन आणि तिला माझ्या हातानं भरवीन. एवढं वचन घ्या.

ताईची धाकटी बहीण,
सुनंदा