फळीवरचा कागद

९ जानेवारी, शुक्रवार
बाळाला आज सहा दिवस. मुलगी, वजन दोन किलो शंभर. हातात घ्यायला मीच बिचकते. हे रुबीनाला सांगत नाही. तिच्यापुढे मी म्हणजे सगळं येणारी आई, लेकीच्या बाळंतपणासाठी म्हसळ्याहून विमानात बसून आलेली.

जावई जुम्म्याची नमाज पढून आले ते बातमी घेऊनच. सोमवारपासून तीन-चार दिवस पारा शून्याखाली. इथे सौदीत, अल खर्जमध्ये! "क्वचित होतं अम्मी, पण झालं की पाइप फुटतात." मी बर्फ पाहिला तो मासळीवरचा.

घर सगळं उन्हाळ्यासाठी बांधलेलं. उंच छत, गार फरशी, खिडकीतला एसी, त्याच्या चहूबाजूंनी बोट जाईल एवढ्या फटी. बाळ त्याच खोलीत.

भीती वाटते. आयूब असाच जानेवारीत गेला. माझा पहिला, वीस दिवसांचा. थंडी बाधली म्हणाले सगळे.

१० जाने., शनि.
जावई सकाळपासून गच्चीवर. टाकीच्या पाइपांना त्यांच्या कामावरच्या डेअरीतून आणलेला फोम, वर पोती, वर दोरी. रात्रभर स्वयंपाकघरातला एक नळ थेंबथेंब चालू ठेवायचा, म्हणजे पाइपात पाणी गोठत नाही. चौतीस वर्षं शाळेत नळ बंद करा म्हणून पोरांच्या मागे ओरडले आणि आता हे. खाली बादली ठेवलीय. भरली की मला चैन पडत नाही, उठून रिकामी करून येते. रु. हसते.

कढीपत्त्याची कुंडी आत घेतली.

हीटर एकच मिळाला. तो आणि गिझर एकदम लावले की फ्यूज उडतो.

११ जाने., रवि.
मैद्याची खळ शिजवली. सुक्या कोळंबीचे सोडे ज्यात गुंडाळून आणले होते ती वर्तमानपत्रं आहेतच. पट्ट्या कापून एसीभोवतीच्या सगळ्या फटी बुजवल्या, खिडकीच्या कडा बुजवल्या, दाराच्या खाली माझी जुनी साडी. वर्गातले तक्ते चिकटवून चिकटवून हात बसलाय. मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत हलत नाही. शाबास जमिलाबाई.

दुपारी कुणीतरी दाराखालून छापील कागद सरकवून गेलं. अरबी, कुराणाचीच अक्षरं. पायाखाली येणार होता, पटकन उचलला, डोळ्यांना लावला. वाचला सगळा, जेरजबर म्हणजे काना-मात्रा नव्हत्या तरी अडखळत, अर्थ म्हणाल तर शून्य. 'बर्द' म्हणजे थंडी एवढं उमगलं. थंडीत काळजी घ्या असंच असणार. कागद टाकवेना. कुराणशरीफाच्या शेजारी, फळीवर ठेवला.

जावई उद्यापासून डेअरीतच. तिथल्या पाण्याच्या लाइनी गोठल्या तर हजार गाई तहानेल्या राहतील. येतील बुधवारी.

१२ जाने., सोम.
सकाळी अंगणातल्या टोपात पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ. बोट लावलं तर तडकला.

आंघोळीला गिझर, म्हणजे हीटर बंद. बाळाचे पाय निळसर. मग मात्र ऐकलं नाही कुणाचं. जावयांची सहलीला न्यायची लोखंडी शेगडी काढली, कोळसे पेटवले, ओवा टाकला. माझ्या आईने मला दिला तसा दोघींना शेक. अर्धा तास. खोली कशी उबदार! बाळ लाल झालं, गाढ झोपलं. रु. म्हणाली, "अम्मी, डोकं दुखतंय." म्हटलं, "ओल्या बाळंतिणीचं दुखतंच." माझंही थोडं जड होतं.

जावयांचा फोन आला, त्यांना बोलले नाही. बाळंतिणीच्या खोलीतलं पुरुषांना कशाला सांगायचं.

१३ जाने., मंगळ.
इस्पितळातल्या एका कागदावर लिहितेय.

सकाळी दहाचा सुमार. आज थंडी जास्त म्हणून शेगडी जास्त वेळ ठेवली. तासभर असेल. रु. दोनदा म्हणाली उलटीसारखं होतंय. मी म्हटलं पडून राहा. बाळ गप्प. मला वाटलं छान झोपलंय. या अल्ला, मला बरं वाटत होतं.

मग स्वयंपाकघरातून बादली वाहिल्याचा आवाज, रात्रीचा नळ बंद करायचा राहिला होता. ती रिकामी करायला उठले, तर पाय माझे नव्हतेच. भिंत धरून गेले. तिथल्या गार हवेत डोकं जरा उघडलं. हाक मारली, "रुबी!" ओ नाही. पुन्हा मारली.

तिला बखोटीला धरून दाराबाहेर ओढलं. बाळ उचललं तर मान लुळी. अंगणात उभी राहून ओरडले, मराठीतच. शेजारची उम्म फहद धावत आली, एकदा शेगडीकडे पाहिलं, बाळ माझ्या हातातून घेतलं आणि "यल्ला, यल्ला" करत नवऱ्याच्या गाडीकडे पळाली. चप्पलही नव्हती तिच्या पायात.

इस्पितळात तिघींना ऑक्सिजन. रु. आता बोलते. बाळ काचेत.

१४ जाने., बुध.
मला सोडलं. कपडे न्यायला जावयांबरोबर घरी आले. खोली अजून ओव्याच्या वासाची. कुराणाजवळचा कागद त्यांनी घेतला, उभ्यानेच वाचला. त्यांना कामावर बोलून बोलून अरबी येते.

"अम्मी, हा कधी आला?"
"रविवारी."
"काय लिहिलंय यात, ठाऊक आहे?"
मला काय विचारता, मी मनात म्हटलं. त्यांनीच मराठीत सांगितलं.
"बंद खोलीत कोळसा पेटवू नका. धूर दिसला नाही तरी माणूस झोपेत जातो. एक खिडकी उघडी ठेवा."

कागद घडी करून होता तिथे परत ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाळाबद्दल डॉक्टर म्हणतात, थांबा. डोक्यावर परिणाम झाला की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

१५ जाने., गुरु.
रु. घरी आली. बाळ तिथेच. सकाळी दोन घोट दूध ओढलं म्हणे. जावई तिकडे बसून आहेत. आज पुन्हा पारा शून्याखाली.

खिडकीवरच्या पट्ट्या खरवडून काढल्या. खळ पक्की बसली होती, नखं दुखतात. दोन बोटं खिडकी उघडी ठेवली. गार वारा येतोय आणि मला त्याचीही भीती वाटते, आता कशाची वाटत नाही ते सांगा.

काल संध्याकाळपासून एकच डोक्यात. म्हसळ्याची ती खोली. दार बंद, खिडकीला गोधडी, कारण बाळंतिणीला वारा लागू नये. आई शेगडी भरून ठेवून नमाजला गेली. माझं डोकं फुटत होतं. आयूब लाल लाल झाला होता, गाढ झोपलेला. थंडी बाधलेलं मूल लाल असतं का? बेचाळीस वर्षं मी थंडीला शिव्या दिल्या. आई तर त्याच समजुतीत गेली.

मघाशी रु. पडल्या पडल्या म्हणाली, "अम्मी, आयूबभाईला काय झालं होतं गं?"
"थंडी बाधली."
ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "तेव्हा खोलीत शेगडी होती?"

बादली भरत आली असेल, बघून येते म्हणून मी उठले.