नळीतला बोळा

२७ डिसेंबर १९७८

प्रिय लावर,

डब्यात ठेवून दोरीने तळघरात सोडलेली मेणबत्ती तिसऱ्या पायरीपाशी विझली, आणि बाबा तरीही खाली उतरायला निघाले. एक पाय शिडीवर ठेवलाही होता. मी मागून त्यांची कॉलर धरली. "दोरी ओली असेल, वातीवर थेंब पडला असेल," म्हणाले. मी डबा वर ओढला, मेणबत्ती पुन्हा पेटवली, पुन्हा खाली सोडली. तिथेच विझली. ज्योत आधी बारीक झाली, मग नुसती ठिणगी उरली, मग तीही गेली. बाबा तळघराच्या झडपेशेजारी बर्फात बसले आणि म्हणाले, "बरं बाई. तू म्हणशील तसं."

हे आज सकाळचं. तीन दिवस उणे अडतीस होतं, म्हणून तळघराच्या हवेच्या नळीत मी बोळा घालून ठेवला होता. जुन्या लोकरी बुटात गवत कोंबून करतो तसलाच. आज उजाडता थंडी उणे सतरावर आली, तेव्हा तो काढला. पण भिजत घातलेल्या सफरचंदांची पिंपं खाली अजून फसफसताहेत, आणि तीन दिवस कोंडलेली ती गुदमरवणारी हवा तासाभरात निघून जात नाही. झडप उघडी टाकून आम्ही दोन तास थांबलो. मग मेणबत्ती तळापर्यंत जळत गेली आणि बाबा उतरले. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला दोन वेढे घालून. ते खाली होते तोवर मी सारखी बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी उत्तर देत राहावं, एवढंच हवं होतं. मी स्वतः खाली उतरत नाही. बावीस वर्षांत एकदाही उतरलेले नाही. बाबांना वाटतं, मला शिडीची चक्कर येते.

उस्तीन्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "सव्वाती," त्या ओरडल्या, "तू तिथेच राहिलास तर तुझ्या त्या आडव्या झाडांना पांघरूण कोण घालणार?" बाबा खालून म्हणाले, "तू आहेस की. दोन नवरे आडवे केलेस, झाडांचं काय अवघड आहे." काकू खूश झाल्या. मला हसू आलं नाही. मी दोरी मोजत होते.

बाबा उद्या सकाळी हे पत्र मागणार आहेत. मी ते त्यांना वाचून दाखवीन, मग ते खाली सही करतील, नेहमीसारखी. तेव्हा जे काही लिहायचं ते आत्ताच लिहायला हवं. बाबा भिंतीपलीकडे चुलीवरच्या माळ्यावर झोपलेत. चार वाजताच अंधार पडला. रेडिओवर सांगितलं की उद्या पहाटे उणे चव्वेचाळीस होईल.

या वर्षी बर्फ कमी आहे. तू बंदरावरच्या लोकांना सांगितलं होतंस म्हणे की आमच्याकडे सफरचंदाची झाडं पोटावर झोपतात, आणि ते हसले होते. ती अशी जमिनीलगत झोपतात म्हणूनच जगतात. पण अंगावर हातभर बर्फ पाहिजे. आज फांद्यांवर कशीबशी वीत आहे. काही फांद्यांचे शेंडे वर दिसतात. आम्ही रस्त्याच्या कडेचा बर्फ पाट्यांनी आणून टाकतो आहोत, पण एकवीस झाडं आहेत आणि माणसं दोन. उणे चाळीसच्या खाली लाकूड आतून तपकिरी होतं. बाहेरून काही दिसत नाही. वसंतात कळ्यासुद्धा फुगतात, आणि मग एका आठवड्यात सगळं वाळून जातं.

म्हणून दुपारी कलमकाड्या कापल्या. उद्यानंतर त्या कापून उपयोग नाही. बाबा गुडघ्यांवर बसून बर्फ हातांनी बाजूला करत होते. हातमोजे काढून, कारण हातमोज्यातून काडीवरचा कोंब कळत नाही. डोळ्यांनी त्यांना आता फारसं दिसत नाही. बोटं फिरवून सांगायचे, ही नको, ही फळाची आहे, ही घे. प्रत्येक काडीचा काप माझ्यापुढे धरायचे. "रंग सांग." हिरवट पांढरा, मी सांगायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता तपकिरी निघेल. चाळीस काड्या निघाल्या. ओल्या गोणपाटात बांधून गोठ्यामागच्या बर्फात पुरल्या, वर लाकडाचा भुसा टाकला. झाडं गेली तरी वसंतात नव्या खुंटांवर बांधता येतील. चाळीसही काड्या दोम्नाच्याच. बाकीच्या जाती जाऊ देत, म्हणाले.

दोम्ना तू पाहिलेली नाहीस, म्हणजे या नावाने पाहिलेली नाहीस. मी पंधरा वर्षांची असताना न्हाणीघरामागे एक बी लावली होती, ते झाड. तू त्याला माझा झाडू म्हणायचास. सात वर्षं त्याने काही दिलं नाही, आणि बाबा दर वसंतात त्याच्याकडे बघून कुऱ्हाड कुठे आहे असं विचारायचे. आता ते गावभर आहे. शेजारच्या तीन गावांत आहे. फळ मुठीएवढं, पिवळं, कडक, आणि ईस्टरपर्यंत पेंढ्यात सुरकुत्याही पडत नाहीत. बाबांनी त्याला आईचं नाव दिलं. लोक दारात येऊन म्हणतात, सव्वाती येगोरिच, दोम्नाची एक काडी द्या. ते देतात. कुणाला नाही म्हटलेलं नाही. रविवारी टोपलीभर दोम्ना कापून ते सगळ्यांपुढे ठेवतात, आणि मीही खाते, कारण न खाल्लं तर विचारतील.

तुझ्या रिम्माने दोन वर्षांपूर्वी मला वेगळं पत्र लिहिलं होतं. तुला तिने सांगितलं नसेल. तू घरात सफरचंद आणू देत नाहीस, वासाने तुझं डोकं दुखतं, असं तिने लिहिलं. तू झोपेतून तीनदा उठून गॅसची तोटी बंद आहे का ते बघतोस, मग मुलींच्या उशांशी जाऊन श्वास ऐकतोस. तिने विचारलं होतं, लहानपणी काही झालं होतं का. मी उत्तर लिहिलं की सगळ्या पुरुषांना वयाप्रमाणे असं होतं. ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही.

आज काड्या कापताना बाबा आपणहून तुझ्याबद्दल बोलले, लावरला लिहायचं आहे म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातातली कात्री निसटली, ती शोधायला मी बर्फात वाकले आणि तशीच वाकून राहिले, चेहरा दिसू नये म्हणून.

त्या डिसेंबरात काय झालं ते तुला ठाऊक आहे, निदान तू तसं समजतोस. चार दिवस कडाका होता, नळीत बोळा होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी थंडी उतरली. बोळा काढायचं काम तुझं. तू सतरा वर्षांचा होतास. तू बाहेर जाऊन आलास, बाह्यांना चिकटलेलं गवत झटकत होतास, आणि आई म्हणाली, दारात झटक, चुलीपाशी नको. सकाळी आई एकटीच तळघरात गेली. झडप उघडलेली, नळी उघडी आहे हे ठाऊक, म्हणून तिने मेणबत्ती सोडली नाही. बाबांनी तिला वर आणलं तेव्हा तिच्या ओच्यात सहा बटाटे होते. मग बाबा नळीपाशी गेले. बोळा नळीत होता.

तू म्हणालास, मी काढला होता. बाबा म्हणाले, "मग काय, तो आपल्या पायांनी चालत परत गेला? बूट आहे म्हणून?" एवढंच. हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा म्हणालास, काढला होता, हाताला गवत लागलं होतं. तिसऱ्या दिवशी, आईला पुरून आल्यावर, तू टेबलाशी बसून म्हणालास, कदाचित ते आदल्या दिवशीचं असेल, मला आठवत नाही. मी समोर बसले होते. ताटलीत लापशी होती. मी ती संपवली.

बोळ्याचं काम बाबांनी त्याच आठवड्यात मला दिलं. फाइना विसरत नाही, म्हणाले. वसंतात तू सैन्यात गेलास, आणि मग ओदेसाच्या बंदरावर, आणि मग दरवर्षी नववर्षाचं एक कार्ड. सगळं ठीक. तुम्ही कसे.

आता लिहिते. आता नाही लिहिलं तर लिहिणारच नाही. त्या वर्षी माझ्या झाडाला पहिल्यांदा फळं धरली होती. अकरा. मी ती टोपलीत पेंढ्यावर ठेवली होती, आणि तळघरात जागा उरली नव्हती म्हणून टोपली नळीच्या बरोबर खाली होती. तू बोळा काढून आत आलास, त्यानंतर मी बाहेर गेले. नळीतून थंड हवा सरळ खाली पडत होती, झडपेला कान लावला तर ऐकू येत होती. मला वाटलं, फळं गोठतील. सात वर्षं थांबले होते. एवढी एक रात्र, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून काढीन. बोळा तू कुंपणाच्या खांबावर ठेवला होतास. मी तो उचलला आणि परत घातला. चांगला दाबून. सकाळी मला उशिरा जाग आली. गोठ्यात दूध काढायला माझी पाळी होती, मी तशीच धावत गेले. आणि दूध काढताना मला आठवलं. मी उठले नाही, लावर. अजून कुणी तळघरात जायचं नाही, असं मनाशी म्हटलं, आणि उरलेल्या दोन गायींचं दूध काढलं.

त्या अकरा फळांना काही झालं नाही. बाबांनीच ती टोपली वर आणली. मार्चमध्ये त्यांनी एक कापून खाल्लं, आणि मग म्हणाले की याला तिचं नाव द्यायचं.

हे सांगायला मी अनेकदा बसले. तू सैन्यात असताना एकदा लिहिलंही, आणि चुलीत टाकलं. मग तुझं लग्न झालं, तेव्हा वाटलं आता तू विसरला असशील. मग रिम्माचं पत्र आलं. मला तुझी भीती वाटत नाही. तू ओरडशील, किंवा कधीच लिहिणार नाहीस, ते मला सहन होईल. मला त्या माणसाची भीती वाटते जो आज माझ्या हातात दोरी देऊन निश्चिंत खाली उतरला.

आज काड्या पुरून झाल्यावर बाबा आत आले, हात चुलीवर शेकले, आणि म्हणाले, "कागद घे. मी सांगतो ते लिही." मग त्यांनी सांगितलं: लावर, पोरा, मी अठ्ठ्याहत्तरचा झालो. पुढला हिवाळा बघेन असं वाटत नाही. बोळा काढायला तू विसरलास. पोरं विसरतात. मी तुला तेव्हाच हे सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, ती माझी चूक. मी तुला माफ केलं आहे. ये. एवढं सांगून म्हणाले, आता वाच बघू. मी कागद समोर धरला आणि त्यांचे शब्द त्यांना जसेच्या तसे म्हणून दाखवले. ते मान हलवत होते. कागदावर फक्त तुझं नाव होतं. न केलेल्या चुकीची माफी माझ्या अक्षरात तुला पाठवणं मला जमलं नाही, म्हणून त्याच कागदावर पुढे हे लिहिलं. उद्या सकाळी सही करण्याआधी ते पुन्हा वाच म्हणतील, आणि मी जे लिहिलं आहे तेच वाचणार आहे.

तुझीच,
फाइना

२८ तारीख. उणे त्रेचाळीस. चहाच्या आधी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर ओदेसाहून गाडीला किती दिवस लागतात ते विचारलं. मी म्हटलं, चार. त्यांनी सही केली नाही. कोट घातला, उस्तीन्या काकूंच्या जावयाला घोडा जुंपायला लावला आणि टपाल कचेरीत गेले. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. दुपारी परत आले. तुला तार केली आहे. त्यात काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. तार या पत्राच्या आधी पोचेल, तेव्हा तुला ते आता ठाऊक असेल. मला नाही.