उतारावरची वाकडी झाडं

प्रिय ठके,

हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढं आधी कबूल कर. मी घाबरले आहे, आणि नेहमीसारखी नाही. नेहमीच्या माझ्या भीत्या तुला पाठ आहेत: गॅस बंद केला का, कडी लावली का. त्यावर तू मला भित्री भागूबाई म्हणतेस आणि मीही हसते. ही भीती तुझ्या घराची आहे.

आमच्या नियतकालिकाला तू ‘किड्यामुंग्यांचं मासिक’ म्हणतेस, जरी ते वर्षातून दोनदाच निघतं. आपल्या भागातले पक्षी, शेवाळं, गोगलगायी यांच्यावरचे लेख येतात. मी ते तपासते आणि बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे पाठवते. त्यांची मतं येईपर्यंत लेखाबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. तो मी घरातसुद्धा पाळत आले.

मध्यंतरी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा लेख आला. विषय अगदी कोरडा: डोंगरउतारावर झाड कललं की त्याचं लाकूड कसं वाढतं. झाड पुन्हा सरळ व्हायला बघतं, म्हणून बुंधा मुळाशी वाकतो आणि आतली वर्तुळं एका बाजूला जाड होतात. त्यांनी बुंध्यांतून पेन्सिलीसारखे बारीक नमुने काढून ती वर्तुळं तपासली. अलीकडे तिथली सगळी झाडं एकाच दिशेला, पूर्वीपेक्षा भराभर कलताहेत. कारण एका ओळीत दिलंय: उताराची माती खाली सरकते आहे. ती ओळ वाचून मी शांतपणे पान उलटलं.

पुढच्या पानावर नकाशा होता. रस्त्याचं ते वळण, पाण्याची टाकी, आणि टाकीखाली छोटे छोटे चौकोन. अगदी वरचा चौकोन तुझा.

तेव्हापासून तुझी प्रत्येक गंमत मला वेगळी ऐकू येते. दिवाणखान्याचं दार अडतं म्हणून सुताराने रंधा मारला, पुन्हा अडलं, पुन्हा मारला. ‘तो बिचारा काय करणार, दारच अंग धरतंय, माझ्यासारखं,’ म्हणालीस. मागच्या अंगणात आपोआप पाणी पाझरायला लागलं, तर तुझ्या सासूबाई खूश, की कुंड्यांना पाणी घालायला नको. आणि मुलं मागच्या वाकड्या झाडावर घोडा-घोडा खेळतात, त्याचा तू पाठवलेला फोटो. तो मी लेखातल्या चित्राशेजारी ठेवला, ठके. बुंध्याचा बाक तोच. फक्त चित्रात मुलं नाहीत.

मी स्वतःला खोदून खोदून विचारलं, की ते तुझं घर नसतं तर मी इतकी हादरले असते का? उत्तर मला आवडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या वस्तीचा नकाशा असता, तर त्यातल्या रेघा ठळक आल्यात ना, एवढं पाहून मी जेवायला गेले असते. पण माझी भीती स्वार्थी आहे म्हणून माती सरकायची थांबत नाही.

संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बाई, एका तज्ज्ञाचं मत आलंय, दुसऱ्याचं येऊ द्या. उद्या खोटं निघालं तर लोक जोड्याने मारतील आपल्याला.’ मी म्हटलं, ‘आणि खरं निघालं तर?’  मग त्यांनीच माझ्यासमोर प्राध्यापकांना स्पीकरवर फोन लावून टाकीखालच्या घरांबद्दल विचारलं.  प्राध्यापक म्हणाले, ‘घरं? अहो, घरांकडे मी पाहिलंच नाही. मी झाडं बघत होतो.’ 

प्राध्यापक बिचारे तसेच उठून नकाशा घेऊन नगरपालिकेत गेले. तिथल्या अभियंत्याने विचारलं, ‘हे कुठे छापून आलंय का? छापील प्रत आणा, मग पाहणीला माणूस पाठवतो.’ छापायचं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं, आणि ते गृहस्थ पत्राला उत्तर देत नाहीत. इकडे कालपासून पाऊस थांबलेला नाही. कार्यालयाच्या पत्र्यावर तो वाजतो, आणि मला तुझ्या अंगणातलं ते पाणी दिसतं.

हे सगळं फोनवर सांगायला गेले होते. तू दोन वाक्यांत मला हसवलंस, आणि मी मुलांच्या सर्दीची चौकशी करून फोन ठेवला. समोरासमोर तर तू मला कायमच गुंडाळतेस. म्हणून लिहून आणलंय. नियम मोडतेय हे संपादकांना सांगूनच निघाले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाकीच्या घरांचं काय?’ नकाशाच्या प्रती माझ्या पिशवीत आहेत; उतरताना प्रत्येक दारात थांबू. मी चुकले असेन तर नोकरी जाईल आणि तू मला जन्मभर चिडवशील. चालेल. आता मान वर कर. गाडी वळणाखाली थांबवली आहे. नवऱ्याला फोन कर, कामावरून थेट माझ्याकडे ये म्हणावं. सासूबाईंना मी हाताला धरते, तू मुलांना उचल. कपाट उघडू नकोस. काय बोलायचं ते गाडीत बोल.

तुझीच,
आत्ता तुझ्यासमोर ओल्या छत्रीनिशी उभी असलेली,
ताई