अकरा नंबरच्या मावशी

निलंगा,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सुकन्याताई,
नमस्कार. मी बरा हाय. तुम्ही वेळेवर जेवता का, का अहवालापायी अजून बिस्किटांवरच दिवस काढून राहिल्या?

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला खोटंच सुचतं, म्हणून कागद धरला. इथं स्टँडवर तुरीच्या शेंगा उकडून विकतात, लई झकास. मधी भोकरला कुस्त्या बघत बसलो, त्यात दोन दिवस गेले. असो.

आपल्या एचआयव्हीच्या अभ्यासातल्या, उमरीकडच्या अकरा नंबरच्या मावशी. नाव लिहीत न्हाई, तेवढं तुमच्याकडून शिकलो. त्यांच्या गोळ्या का थांबल्या, तिथं मी 'ऊसतोडीला गेल्या' असं लिहिलं. ते खोटं हाय.

मुलाखत घरी घ्यायची न्हाई, हा तुमचा नियम. मी चहाच्या आशेनं थेट घरी गेलो. खांद्याला शिबिरात मिळालेली पिशवी, तिच्यावर ही मोठ्ठी 'एड्स' अक्षरं. सगळ्या गल्लीनं वाचली. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं नळावरून त्यांची घागर बाजूला सारली. मावशींनी दवाखाना सोडला, गाव सोडलं, इथं बहिणीकडं आल्या.

वीस वर्षं तुम्ही आधी ढाब्यांवर ड्रायवरांपुढं, मग मंत्रालयात साहेबांपुढं हेच सांगून राहिल्या, की लोक शेजाऱ्याला भिऊन औषध सोडतात. आणि तुमच्या तक्त्यातून ते कारण मीच पुसलं.

काल मावशींना हुडकलं. दारातच म्हणाल्या, "आलास का दवंडी पिटायला? हलगी कुठंय?"

"मावशी, गोळ्या?"

"तीन महिने झाले. मेली म्हणून लिव्ह. तुझा फॉर्म तर भरंल."

"तसं लिहिणार न्हाई. लातूरच्या दवाखान्यात चला. तिथं तुम्हाला कोण वळखत न्हाई."

मावशी म्हणाल्या, "तू लांब बसायचं. वळख दाखवलीस तर भर गाडीत चप्पल काढीन."

"हाव."

सोमवारी सकाळच्या गाडीनं लातूरला तुमच्याकडं येऊन राहिलो. त्या पुढं, मी मागं, परका. त्यांचे नांदेडच्या दवाखान्यातले कागद लातूरला मागवून घ्या. रांगेत नावानं पुकारू देऊ नका. आणि तक्त्यातली ऊसतोड खोडून खरं लिहा, 'आमच्या माणसाच्या चुकीनं'. बैठकीत तुम्हाला खाली बघावं लागंल, ठाऊक हाय. मला कामावर ठेवायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा. मावशींना मात्र मी दारापर्यंत आणणारच.

पाकीट चिकटवून लातूर गाडीच्या सिद्धेश्वर कंडक्टरच्या हाती देऊन राहिलो.

तुमचा,
या खेपेला पळून न गेलेला,
नरसिंग